शेपटी कापलेली सुरमई

मासे धरणाऱ्याच्या घरी मासा टिकतो दोन दिवस आणि किस्सा टिकतो वीस वर्षं. फ्रीजमधला मासा आक्रसत जातो, किश्शातला वाढत जातो. माझ्या हातून सुटलेली एक सुरमई मी सांगता सांगता एवढी वाढवली, की ऐकणाऱ्या एकाने शांतपणे विचारलं, "मग इंधन भरायला तिला कुठल्या धक्क्याला लावली?" आता आमच्या फुजैरात, म्हणजे अमिरातीतल्या या बंदरात, जहाजं इंधन भरायलाच थांबतात, त्यामुळे प्रश्न तसा बरोबर होता!

आमचं मंडळ तिघांचं. तिघेही तेलाच्या एकाच टर्मिनलवर नोकरीला. मी शिफ्ट सुपरवायझर, म्हणजे चहा पिता पिता स्क्रीनकडे बघणारा. दुसरा गोडबोले, पुण्याचा, सेफ्टी ऑफिसर. जन्मापासून शाकाहारी. हा माणूस आमच्याबरोबर मासे धरायला का येतो, असं सगळे विचारतात. उत्तर सोपं आहे. पाण्याजवळ दोन माणसं उभी आहेत आणि त्यांच्यावर देखरेख करायला कोणी नाही, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही.

आणि तिसरा नारकर. देवगडचा, क्रेन ऑपरेटर, आमच्यात खरा मासे धरणारा हा एकटाच. वय साठ. सव्वीस वर्षं इथे एकट्याने काढली, आणि यंदाच्या मार्चमध्ये कायमचा गावी जाणार होता. सामान बांधून झालं होतं, हिशेब चुकता झाला होता. एकच काम राहिलं होतं. बायकोला पटवायचं होतं, की फुजैराच्या समुद्रात आपण खरोखर मासे धरतो!

हे काम अवघड होतं. कारण नारकरवहिनी देवगडच्या बंदरावर तीस वर्षं मासे विकतात.

* * *

टर्मिनलवर कुठलंही काम सुरू करण्याआधी सगळ्यांना गोल उभं करून धोके समजावून सांगायची पद्धत आहे. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. गोडबोले दर शनिवारी सकाळी समुद्रातल्या दगडी बांधावर आम्हा दोघांना गोल उभं करायचा. दोन माणसांचा गोल कसा दिसतो ते आम्ही पाहिलंय.

"एक," गोडबोले मासेमारीच्या लायसन्सचा कागद धरून वाचायचा, "धरलेला मासा स्वतःच्या घरी खाण्यासाठी. दोन, विक्री नाही. रोखीने नाही, उधारीने नाही, 'मित्राला कॉस्टमध्ये देतो' हे तर अजिबात नाही. विकताना सापडलात तर लायसन्स गेलं आणि दंड वेगळा. तीन, मापात न बसणारा मासा परत पाण्यात. चार, ज्या माशाचा वीण घालायचा महिना चालू आहे, तोही परत."

नारकर गळ हातात धरून समुद्राकडे बघत उभा.

"नारकर, लक्ष आहे का?"

"हा मा. पाचवा काय ता मी सांगू?"

"पाचवा नियमच नाहीये."

"आसा. पाच, भरती गेली!"

* * *

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग गोडबोलेच्या मुलीला अलास्कात नोकरी लागली.

तिने बिचारीने बाबांना आवडेल म्हणून तिथले नियम फोनवर पाठवले. तिकडे नदीकाठची माणसं घरच्या पोटासाठी सॅमन धरतात. असा पोटासाठी धरलेला सॅमन विकायचा नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना द्यायचा. खाण्याजोगा भाग कुत्र्याला घालायचा नाही, वाया तर घालवायचाच नाही. आणि धरल्या धरल्या, दुसरं काहीही करण्याआधी, त्याच्या शेपटीची टोकं कापायची! म्हणजे तो चुकून बाजारात गेलाच, तर शेपटी बघून कुणालाही कळावं की हा घरचा मासा आहे.

गोडबोलेच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळात येतं तसं.

"अरे, आपण बंद केलेल्या व्हॉल्व्हला टॅग लावतो, तसंच आहे हे! मासा आयसोलेट झाला! आता त्याला कुणी ऑपरेट करू शकत नाही!"

"पण गोडबोले, हा नियम अलास्कातला. आपण फुजैरात आहोत."

"बेस्ट प्रॅक्टिस," गोडबोले म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून आला की समजायचं, आता चर्चा संपली.

पुढच्या शनिवारपासून त्याच्या फर्स्ट एडच्या डब्यात एक मोठी कात्री आली. मासा वर आला की तो टॉर्च घेऊन, ग्लोव्हज आणि गॉगल घालून हजर. सकाळी दहा वाजता टॉर्च कशाला, हे विचारायचं नाही. कच्च! कच्च! दोन्ही टोकं गेली, की वहीत नोंद. बांधावरच्या मांजरांनासुद्धा त्याने खाण्याजोग्या भागाचा नियम समजावून सांगितला. चार मांजरं गोल उभी होती. खोटं वाटत असेल तर गोडबोलेला विचारा. तो खोटं बोलत नाही, कारण त्याचा फॉर्मच त्याच्याकडे नाही.

* * *

"घरचा मासा घरच्यांनाच" या नियमावरून एकदा पेच पडला. नारकर कंपनीच्या कॅम्पात राहायचा. एका खोलीत सहाजण. त्या बाकीच्या पाचजणांना मासा दिला तर चालेल का? ते घरचे होतात का?

गोडबोलेने दोन दिवस विचार केला. सोमवारी निकाल लागला. "एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब."

आता कॅम्पाचं स्वयंपाकघर एकच आहे. शनिवारी नारकरने पाच शेरी धरल्या. शेरी म्हणजे इथल्या खडकाजवळची मासळी. कॅम्पात बातमी पोचली. संध्याकाळी बिहारचे वेल्डर, केरळचे फिटर, पेशावरचे दोन ड्रायव्हर आणि मध्यंतरी कामावर आलेला एक नेपाळी, सगळे ताटं घेऊन रांगेत. प्रत्येकजण नारकरला मिठी मारून म्हणत होता, "चाचा, फॅमिली!"

नारकरच्या वाट्याला आली फक्त कढी.

गोडबोलेची वही अजून आहे. त्या तारखेला लिहिलंय : मासे पाच, कुटुंबातील सदस्य एकेचाळीस.

* * *

आता माझाही एक सांगतो. दुसऱ्यांचे सांगायचे आणि स्वतःचा लपवायचा, हे बरं नव्हे.

एकदा लागोपाठ चार शनिवार मी रिकाम्या हाताने घरी गेलो. चौथ्या वेळी सुषमा, म्हणजे आमची बायको, दार उघडून माझ्या हाताकडे न बघताच म्हणाली, "पनीर काढून ठेवलंय." फार लागलं मनाला!

पाचव्या शनिवारी परतताना गाडी सुपरमार्केटकडे वळवली. बर्फावर एक भलामोठा, रुपेरी, देखणा मासा होता. दोनशे दिरहम! म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! पण अब्रूचा प्रश्न होता. घेतला. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून, नेलकटरच्या छोट्या पात्याने वीस मिनिटं घासून त्याच्या शेपटीची टोकं कापली. मंडळाचा नियम तो नियम.

घरी जल्लोष झाला. सुषमाने फोटो काढून सोलापूरला माहेरी पाठवले. मी दोन तासांची झुंज रंगवून सांगितली. दोर कसा हाताला काचला, एक टँकर कसा मध्ये आला, कप्तानाने कसा भोंगा दिला. कप्तानाशी मी हात हलवून बोललो, इथपर्यंत पोचलो होतो.

आमची सई, वय तेरा, फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, दॅट्स सॅमन."

"मग?"

"सॅमन डझन्ट लिव्ह हिअर. लाइक, अ‍ॅट ऑल."

नेमका तेवढ्यात गोडबोले कसलासा फॉर्म सहीला घेऊन आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, सुषमाकडे पाहिलं, ओट्यावरच्या माशाकडे वाकून पाहिलं. मला वाटलं, हा तरी वाचवेल.

"शेपटी मात्र," तो समाधानाने म्हणाला, "नियमानुसार कापलीय!"

* * *

फेब्रुवारीच्या शेवटी नारकरवहिनी आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नारकरने महिन्याभरासाठी एक खोली भाड्याने घेतली. महिना झाला की दोघांनी एकाच विमानाने घरी जायचं.

आजवर नारकर फोनवर मासा दाखवायचा आणि वहिनी पलीकडून म्हणायच्या, "बाजारातसून घेतलास आनि माका दाखवतास." गळाला लागलेला दाखवला तर, "गळाक अडकवूक काय लागता!" आता बाई समोर होती. ताज्या माशाचा कल्ला उघडून बघणार होती. चार शनिवार हातात होते.

पहिल्या शनिवारी नारकरला सुरमई लागली! वर काढली, तर गोडबोले टेप घेऊन वाकला. "चार बोटं कमी आहे."

"सायब, जरा वढून मापा मा!"

"मासा ओढून मापत नाहीत. परत."

सुरमई परत गेली. जाताना तिने वळून गोडबोलेकडे पाहिलं, असं मला वाटलं. घरी वहिनींनी मसाला वाटून ठेवला होता.

"मासो खंय?"

"परत सोडलो."

"का? व्हिसा संपलो व्हतो तेचो?"

दुसऱ्या शनिवारपर्यंत मार्च लागला होता. एकामागून एक तीन शेरी लागल्या, हातभर लांबीच्या. नारकर नाचायचाच बाकी होता. गोडबोलेने खिशातून कागद काढला आणि खाली मान घालून म्हणाला, "नारकर... शेरीचा वीण घालायचा महिना कालपासून सुरू झाला."

तिन्ही परत. मसाला दुसऱ्यांदा फुकट. वहिनींनी त्यात अंडी सोडली.

त्या मजेत होत्या. खालच्या ग्रोसरीवाल्याशी त्यांचं छान जमलं होतं. कोथिंबीर संपली की तो दोन्ही हात झटकून म्हणायचा, "खलास!" वहिनींना हा शब्द फार आवडला. शब्द आपल्याकडचाही, पण हात झटकून म्हणायची अरबी रीत त्या इथेच शिकल्या. "देवगडात पाटी रिकामी झाली की मी ह्याच म्हनतलंय," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या रिकाम्या डब्याकडे बघून लगेच सराव केला, "खलास!"

* * *

तिसऱ्या शनिवारी मात्र समुद्राला दया आली. सुरमई, आणि ती कसली! मी इथे काहीही वाढवून सांगत नाही, कारण गरजच नाही. मापाने ती कमरेइतकी भरली. गोडबोलेने टेप दोनदा लावला, महिना तपासला, कुठेच काही अडेना. शेवटी त्याने कात्री काढली. कच्च! कच्च! मासा बर्फात. आम्ही तिघे वरातीसारखे नारकरच्या खोलीवर गेलो.

वहिनींनी पदर खोचला. कल्ला उघडून पाहिला. पोट दाबलं. डोळा पाहिला. नारकर दाराला धरून उभा होता, दहावीच्या निकालाला उभा असावा तसा.

"ताजी हा," वहिनी म्हणाल्या.

नारकरने दार सोडलं.

मग वहिनींचा हात शेपटीपर्यंत पोचला. "ही कोनी कापली?"

"मी, वहिनी," गोडबोले अभिमानाने पुढे झाला. "त्याचं असं आहे, अलास्कामध्ये..."

"इकत घेतलेली हा ही."

"अहो नाही! शेपटी कापलीय म्हणजेच ती विकत घेतलेली नाही!"

"माका शिकवतास? तीस वर्सां मी ह्याच करतंय. लिलावात मासो घेतलो की पयली तेची शेपटी छाटूची. म्हनजे तो आपलो झालो, दुसरी बाय हात लावना नाय. शेपटी कापलेली म्हनजे इकत घेतलेली!" मग त्या थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमी कधी मासो खाल्लास?"

"नाही. मी शाकाहारी."

"मगे?"

वहिनींनी सुरमई उत्तम तळली. मला आग्रह करकरून वाढली. नवऱ्याच्या ताटात मधला तुकडा घातला आणि सहज विचारलं, "कितक्याक घेतलास?"

नारकरने तुकडा तसाच ठेवला. सव्वीस वर्षांत या माणसाने ताटातला मासा टाकलेला मी पाहिला नव्हता.

* * *

गोडबोलेला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तो एक कागद घेऊन वहिनींकडे हजर झाला. वर कंपनीच्या फॉर्मसारखी चौकट, आत लिहिलेलं : माशाचा प्रकार, लांबी, पकडल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, पकडणाऱ्याचं नाव, शेपटी कापणाऱ्याचं नाव, साक्षीदार. साक्षीदार म्हणून माझी सही. ती बघूनच त्या कागदाची किंमत गेली असावी, कारण माझ्या सॅमनची गोष्ट सुषमाने वहिनींना आधीच सांगितली होती.

वहिनींनी कागद उलटसुलट पाहिला. बोटांनी चाचपला.

"कागद बरो हा," त्या म्हणाल्या. "मासो गुंडाळूक."

* * *

आता शेवटचा शनिवार. सोमवारी विमान.

नारकर म्हणाला, "आज तूच चल. डोळ्यांनी बघ." वहिनी चपला काढून, एक प्लास्टिकचा कागद अंथरून बांधावर येऊन बसल्या. गोडबोलेने त्यांच्यासाठीसुद्धा लाइफ जॅकेट आणलं होतं. त्यांनी ते उशाला घेतलं.

आठ वाजले. नऊ वाजले. साडेदहाला ऊन चटके देऊ लागलं. समोर जहाजं नांगरून उभी, पाणी काचेसारखं. नारकर गळ टाकतोय, ओढतोय, टाकतोय. गोडबोलेने टूलबॉक्स टॉकसुद्धा दिला नव्हता, यावरून काय ते समजा.

अकराच्या सुमारास गळाच्या दोराचं रीळ एकदम किंचाळलं!

"ढील दी!" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "वढू नको, ढील दी! आता घे! अरे, दगडाकडे चल्ली ती, डावीकडे घे!" तीस वर्षं 'तुमी' म्हणणारी बाई नवऱ्याला अरेतुरे करत होती आणि दोघांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. वीस मिनिटं! नारकरच्या हातातून रक्त आलं. हा किस्सा मी सांगतोय म्हणून म्हणत नाही, गोडबोलेने अपघातांच्या वहीत त्याची नोंद केलीय.

सुरमई वर आली. तिसऱ्या शनिवारच्या सुरमईपेक्षा मोठी. वहिनींनी ती दोन्ही हातांनी उचलून आपल्या कागदावर ठेवली, आणि समोर उकिडव्या बसल्या. माशाचं तोंड बाहेरच्या बाजूला केलं, पाण्याचा हबका मारला, एक माशी हाकलली. सगळं आपोआप. हात तीस वर्षांचे!

गोडबोले कात्री हातात घेऊन उभा होता आणि ती मागे लपवत होता. पहिल्यांदाच त्याला नियम पाळावा की नाही हे कळत नव्हतं.

तेवढ्यात फिरायला आलेले चारपाच लोक थांबले. कागद, त्यावर मासा, मागे लुगड्यातली बाई. एका इजिप्तच्या माणसाने तर पाकीटच काढलं. आणि त्या घोळक्यामागे एक पांढरी जीप येऊन उभी राहिली.

मासेमारी खात्याचा इन्स्पेक्टर! पांढरा पायघोळ कंदुरा, हातात वही. नारकरचं तोंड कागदासारखं झालं. लायसन्स त्याच्या नावाचं, विमान परवा. आता विक्रीची केस झाली तर सोमवार गेला, पुढचं काय कोण जाणे.

इन्स्पेक्टर पुढे आला. माशाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि छान हिंदीत विचारलं,

"कितना, अम्मा?"

आम्ही तिघे गारठलो. तीस वर्षांत "कितना" या प्रश्नाला या बाईने उत्तर दिलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं! त्यांचा हात माशाकडे गेला. अंगठ्याने कल्ला उचलून त्यांनी आतला लालभडक रंग इन्स्पेक्टरला दाखवला. गोडबोलेने डोळे मिटले.

"ताजो हा," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी नारकरकडे पाहिलं. त्याच्या हाताकडे पाहिलं. "पन ह्यो इकूचो नाय. माझ्या घोवान धरलेलो हा."

इन्स्पेक्टरने आमच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं.

वहिनींनी मागे हात केला, गोडबोलेच्या मुठीतून कात्री ओढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत सुरमईची शेपटी छाटली. कच्च! कच्च!

मग दोन्ही हात झटकले आणि घोळक्याकडे बघून म्हणाल्या,

"खलास!"